कपाट भरल्यानंतर

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात क्लेअरमोर नावाचे गाव आहे. शिकागोहून कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या 'रूट ६६' या जुन्या रस्त्यावरचे. तिथे जे. एम. डेव्हिस नावाचे गृहस्थ हॉटेल चालवीत. सात वर्षांचे असताना ते औषध घ्यायला तयार होईनात, तेव्हा वडिलांनी आमिष दाखवले : औषध घेतलेस तर बंदूक देईन. पोराने तोंड वेंगाडून औषध घेतले आणि बंदूक मिळवली, अशी हकीकत सांगतात. आपल्याकडे अशा वेळी फार तर गुळाचा खडा हातावर ठेवतात. गुळाचा खडा विरघळून जातो, बंदूक राहते. डेव्हिस यांच्याकडे तर ती राहिली आणि वाढत गेली. हॉटेलच्या भिंती भरल्या, खोल्या भरल्या, आणि संग्रहाचा आकडा बारा हजारांच्या पुढे गेला.

बारा हजारांवी बंदूक भिंतीवर टांगल्यावर या माणसाला 'आता पुरे' असे वाटले असेल काय? छंदी माणसे ज्यांच्या घरात आहेत, त्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. पण डेव्हिस यांनी एक गोष्ट केली, ती महत्त्वाची. १९६५ मध्ये, स्वतः हयात आणि शुद्धीवर असताना, त्यांनी हा सगळा पसारा एका न्यासाच्या स्वाधीन केला, न्यासाने राज्य सरकारशी करार केला, आणि १९६९ मध्ये गावातच त्याचे संग्रहालय उघडले. १९७३ मध्ये डेव्हिस वारले तेव्हा त्यांच्या मागे 'या बंदुकांचे आता करायचे काय?' असा प्रश्न कोणाच्या उशाशी उरला नव्हता.

सगळेच इतके शहाणे नसतात. म्हणून हा प्रश्न जरा उलगडून पाहण्यासारखा आहे. बंदुका जमवणाऱ्या माणसाचे कपाट भरते, त्यानंतर तो काय करतो? आणि त्याने काय करायला हवे?

सतरा बंदुकांचा धनी

हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेचा आहे, हे उघड आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'च्या अंदाजानुसार त्या देशात नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या. माणसे त्याहून कमी, सुमारे ३३ कोटी. याचा अर्थ प्रत्येकाच्या हाती बंदूक आहे असा मात्र नव्हे. बहुसंख्य प्रौढ अमेरिकनांकडे एकही बंदूक नाही. २०१५ मध्ये संशोधकांनी केलेल्या एका पाहणीत असे दिसले, की प्रौढ लोकसंख्येच्या अवघ्या तीन टक्के लोकांकडे देशातल्या जवळजवळ निम्म्या बंदुका आहेत. या तीन टक्क्यांतील प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सतरा बंदुका येतात.

सतरा! माणसाला हात दोन. शिकारीला एक, चोराच्या भीतीने एक, नेमबाजीच्या हौसेला आणखी एखादी. तिथून पुढे गरज संपते आणि संग्रह सुरू होतो. या तीन टक्क्यांत भीतीपोटी साठवणारे आहेत, व्यापारी आहेत. पण ज्याला खरोखर संग्राहक म्हणावे असा माणूसही त्यांत आहे. त्याची जात आपल्याला परकी नाही. जुनी नाणी जमवणारा, अडकित्ते जमवणारा, ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी जुन्या बाजारात उन्हातान्हात हिंडणारा जो माणूस आपल्या वाड्यात किंवा सोसायटीत असतो, तोच हा. फक्त वस्तू वेगळी. आणि ही वस्तू वेगळी असण्यातच पुढची सारी गुंतागुंत आहे.

'पूर्ण' म्हणजे किती?

संग्रह पूर्ण होतो तो संग्राहकाने आखलेल्या चौकटीत. एखादा ठरवतो, मी विंचेस्टर कंपनीच्याच रायफली जमवीन. मग १८७३ सालचे प्रसिद्ध मॉडेल येते, १८९४ चे येते. या कंपनीने १९६४ मध्ये उत्पादनाच्या पद्धतीत काटकसरीचे बदल केले. त्यामुळे '६४ च्या आधीची' आणि 'नंतरची' असा भेद जाणकार करतात आणि आधीचीला भाव देतात. झाले! चौकट पुन्हा रुंदावली. कोणी एकाच पिस्तुलाच्या मागे लागतो, पण त्यातही कारखाना वेगळा, साल वेगळे, शिक्का वेगळा. यादीतले शेवटचे नाव खोडण्याचा दिवस जवळ आला, की यादीच लांबते. पैठणीच्या कपाटासमोर उभे राहून 'या रंगाची नाही माझ्याकडे' म्हणणाऱ्या गृहिणीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तरीही एक दिवस असा येतो, की माणूस तिजोरीचे दार उघडतो, आत नजर फिरवतो आणि त्याला आणखी काही आणावेसे वाटत नाही. पैसा नाही म्हणून नव्हे. भूक भागलेली असते. या दिवसानंतर तऱ्हा वेगवेगळ्या होतात.

पहिली तऱ्हा निवडीची. चार साध्या बंदुका विकायच्या आणि एक अस्सल घ्यायची. संख्या कमी होते, संग्रहाचा दर्जा चढतो. या टप्प्यावर हौशी माणूस जाणकार होतो. जुन्या बंदुकीला चकचकीत पॉलिश केले की तिची किंमत वाढत नाही, उलट पडते, हे त्याला कळलेले असते. जुन्या मूर्तीला तैलरंग फासणाऱ्या उत्साही विश्वस्तांनी यातून काही शिकायला हरकत नाही.

दुसरी तऱ्हा देखभालीची. लोखंडाचा शत्रू दमट हवा. बंदूक चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे ठेवली, तर चामडे ओल धरते आणि आतल्या आत गंज चढतो. तेलाचा हात, कोरडी हवा, ठरावीक दिवशी तपासणी असा हा नित्यक्रम चालतो. त्याच्या जोडीला वही. जुन्या, संग्राह्य बंदुकांसाठी अमेरिकेत वेगळा परवाना मिळतो. पन्नास वर्षांवरील बंदुका साधारणतः त्यात येतात, आणि परवानाधारकाला कोणती बंदूक कधी, कोणाकडून आली आणि कोणाकडे गेली याची नोंदवही ठेवावी लागते. कायद्याच्या धाकाने सुरू झालेली ही वही पुढे संग्राहकाचा खरा आनंद होऊन बसते.

तिसरी तऱ्हा वापराची. वर्षानुवर्षे तिजोरीत झोपलेल्या बंदुका बाहेर काढायच्या आणि मैदानावर न्यायच्या. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या एका संघटनेचे सभासद तर एकोणिसाव्या शतकातल्या गुराख्यांचे कपडे घालून, स्वतःला टोपणनावे घेऊन, त्या काळच्या धाटणीच्या बंदुकांनी नेमबाजीच्या स्पर्धा खेळतात. साठीचे आजोबा टोपी घालून लाकडी सलूनच्या देखाव्यासमोर उभे आहेत, हे दृश्य गमतीचे खरे, पण निरुपद्रवीही.

चौथी तऱ्हा दुर्मिळ आणि सर्वांत सुंदर : जमवलेल्या वस्तूंचे ज्ञान करायचे. न्यूयॉर्कचे जॉर्ज कॅमरून स्टोन हे धातुशास्त्रातले आणि खाणकामातले तज्ज्ञ. आयुष्यभर त्यांनी पौर्वात्य देशांतली शस्त्रे गोळा केली. संग्रह मोठा झाल्यावर ते शब्दांकडे वळले आणि १९३४ मध्ये जगभरच्या शस्त्रांचा आणि चिलखतांचा भला मोठा सचित्र कोश त्यांनी प्रसिद्ध केला. आपली कट्यार, आपला पट्टा, आपली वाघनखे त्या कोशात आहेत. दुसऱ्याच वर्षी ते वारले आणि त्यांचा संग्रह मृत्युपत्रान्वये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे गेला. शस्त्रे दिवाणखान्यातून बाहेर पडली आणि विद्यार्थ्यांच्या उपयोगी आली. कोश तर आजही अभ्यासक चाळतात.

बायकोला सांगितलेली किंमत

अमेरिकन संग्राहकांत एक विनोद जुना आहे. एक म्हातारा मित्राला सांगतो, 'मला मरणाची भीती नाही रे. भीती एवढीच, की मी गेल्यावर माझी बायको या बंदुका मी तिला सांगितलेल्या किमतीला विकून टाकील!' पुस्तकांची, कॅमेऱ्याची किंवा घड्याळाची किंमत घरी निम्मीच सांगणाऱ्या पुरुषांना हसू येईल. पण या विनोदात एक सत्य दडले आहे. संग्रह एकट्याचा असतो आणि त्याचे ओझे सगळ्या घराचे.

पॅट गॅरेट यांच्या पिस्तुलाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. न्यू मेक्सिकोतल्या या शेरीफने १८८१ मध्ये 'बिली द किड' या कुप्रसिद्ध गुंडाला ज्या कोल्ट पिस्तुलाने मारले, ते पुढे एल पासो शहरातल्या एका मद्यगृहाच्या मालकाकडे गेले. १९०८ मध्ये गॅरेट मारले गेले. पिस्तूल दिलेले होते की नुसते ठेवायला दिलेले होते, हे कोण सांगणार? मद्यगृहाचा मालकही वारल्यानंतर, १९३० च्या दशकात, गॅरेट यांच्या विधवेला न्यायालयात जाऊन ते परत मिळवावे लागले. पुढे ते टेक्ससमधल्या एका प्राध्यापकाच्या संग्रहात आले. प्राध्यापकांच्या निधनानंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, त्यांच्या कुटुंबाने संग्रह लिलावात काढला तेव्हा या एका पिस्तुलाला साठ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. लोखंडाला एवढी किंमत कोणी देत नाही. ती मिळाली वस्तूमागच्या इतिहासाला, आणि तो इतिहास कागदावर शाबूत होता म्हणून. ज्या घरात कागद नसतो त्या घरात आजोबांची बंदूक भंगाराच्या भावाने जाते किंवा भावाभावांत वाद लावून जाते.

तिकीट आणि बंदूक

इथवर बंदूक आणि टपालाचे तिकीट यांत फरक दिसला नाही. आता तो पाहिला पाहिजे.

तिकिटांचा संग्रह विसरला गेला तर त्याला कसर लागते. नुकसान तिकिटांचे. बंदुकांचा संग्रह विसरला गेला तर नुकसान माणसांचे. तिजोरीची किल्ली कुठे असते, हे नातवंडांना आजोबांना वाटते त्यापेक्षा बरेच आधी कळलेले असते. चोराला सतरा बंदुका असलेले घर म्हणजे दुकानच. आणि तिसरा धोका बाहेरून येत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६ हजार ७०० माणसे मेली. त्यांतल्या सुमारे २७ हजार ३०० जणांनी बंदूक स्वतःवर चालवली होती. म्हणजे निम्म्याहून बरेच अधिक. त्या देशात आत्महत्येचे प्रमाण पंचाहत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत सर्वाधिक आहे.

संग्रह पूर्ण होण्याचे वय आणि हे वय एकमेकांपासून दूर नाही. नोकरी संपलेली असते, मुले दूरच्या गावी, जोडीदार गेलेला किंवा आजारी. ज्या छंदाने दिवस भरत होता तोही 'पूर्ण' झालेला. अशा रिकाम्या दुपारी घरात सतरा बंदुका असणे, ही नुसती हौसेची बाब राहत नाही.

हे ओळखणारे लोक खुद्द बंदूकवाल्यांतूनच पुढे आले, हे विशेष. न्यू हॅम्पशायर राज्यात २००९ मध्ये एका आठवड्याच्या आत तिघांनी एकाच दुकानातून बंदुका विकत घेतल्या आणि काही तासांत स्वतःचा जीव घेतला. दुकानदार हादरला. त्याने 'विकणे माझे काम, पुढचे मला काय' असे म्हटले नाही. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांबरोबर बसून दुकानदारांसाठी माहितीपत्रके तयार झाली : गिऱ्हाईक अस्वस्थ दिसले तर काय करावे, घरात कोणी खचलेले असेल तर बंदूक काही दिवस बाहेर कशी ठेवावी. २०१९ मध्ये कोलोरॅडो राज्यात, अशी बंदूक तात्पुरती ठेवून घेणारी दुकाने आणि पोलीस ठाणी कुठे आहेत याचा नकाशाच तयार करण्यात आला. त्याच राज्यातल्या विद्यापीठातील डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन तयार केले. त्यात मोटारीची किल्ली आणि बंदुकीची किल्ली यांचा विचार एकाच ठिकाणी केला आहे. म्हातारपणी गाडी चालवणे कधी थांबवायचे हे जसे घरच्यांशी बोलून ठरवावे, तसेच बंदूक कधी सोडायची हेही.

यात बंदुकीच्या बाजूचे आणि विरोधातले हा नेहमीचा तंटा नाही. कोणी हिसकावून घेत नाही. ज्याची वस्तू आहे त्यानेच, डोके ताळ्यावर असताना, पुढचे ठरवायचे आहे.

आपल्याकडची दुनळी

'आपला याच्याशी काय संबंध?' असे वाचक म्हणतील. आपल्याकडे बंदूक परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि संग्रह 'पूर्ण' कधी झाला हे माणूस ठरवीत नाही, कायदा ठरवतो. पूर्वी एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला आणि ही मर्यादा दोनवर आली. जादाची बंदूक वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, असा आदेश झाला. वारशाने आलेल्या बंदुकाही त्यातून सुटल्या नाहीत. नोंदणीकृत नेमबाजांना तेवढी सवलत राहिली.

कोकणात आणि घाटमाथ्यावर डुकरांपासून, वानरांपासून शेती राखण्यासाठी दिलेले परवाने पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. ठासणीची असेल, एकनळी किंवा दुनळी असेल, ती बंदूक त्या घराचा एक सभासद असते. दसऱ्याला तिला झेंडूची फुले वाहतात, निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात मुक्कामाला जाते आणि निकालानंतर परत येते. आणि घरातला परवानाधारक म्हातारा वारला, की तेरावा उरकण्याच्या आत प्रश्न उभा राहतो. थोरला मुंबईला, धाकटा पुण्याला. बंदूक कोणाची? ती तशीच घरात ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो, हे अनेकांना ठाऊकही नसते. ती विनाविलंब जमा करावी लागते आणि मग वारसाला अर्ज करावा लागतो.

पण आपल्या नियमांत एक तरतूद अशी आहे, की ती वाचून मला नियम करणाऱ्यांचे कौतुक वाटले. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, तर यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तो हयात असतानाच आपल्या एखाद्या वारसाच्या नावे परवान्याची मागणी करू शकतो. मरणाची वाट पाहायला नको. अमेरिकेतले डॉक्टर ज्या संभाषणाची विनवणी करीत आहेत, त्याची जागा आपल्या नियमांनी आखून ठेवली आहे. बसून बोलायचे तेवढे बाकी आहे. आणि घरात कोणालाच ती नको असेल, तर रीतसर विकून किंवा जमा करून मोकळे होणे, यात घराण्याचे नाक कापले जात नाही.

देण्याचा दिवस

पुण्यात दिनकर केळकर होते. चष्म्यांचे दुकान चालवणारे, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे. अडकित्ते, दिवे, वज्र्या, दरवाजे, शस्त्रे, जे हाती लागेल ते त्यांनी जमवले. संग्रहाला नाव दिले ते लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे. १९६२ मध्ये त्यांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. ज्याच्यासाठी ठेवायचे तो वारस नियतीने नेला होता. त्यांनी सगळ्या महाराष्ट्राला वारस केले. केळकर त्यानंतरही १९९० पर्यंत जगले, म्हणजे दिल्यानंतर अठ्ठावीस वर्षे. आपले कपाट लोक पाहताहेत, हे त्यांना पाहायला मिळाले. मागे उरणाऱ्यांवर निर्णय टाकून जाणाऱ्याच्या नशिबी हे सुख नसते.

क्लेअरमोरचे डेव्हिस आणि पुण्याचे केळकर यांची कधी गाठ पडली नसेल. एकाच्या भिंतीवर बंदुका, दुसऱ्याच्या फडताळात अडकित्ते. पण कपाट भरले म्हणजे काम संपले असे दोघांनीही मानले नाही. आणणारा माणूस त्या दिवसापासून राखणारा होतो आणि राखणाऱ्याला पुढचा राखणदार शोधावा लागतो. अडकित्त्याच्या बाबतीत हे कर्तव्य उद्यावर टाकले तर एक अडकित्ता हरवेल. बंदुकीच्या बाबतीत उद्यावर टाकणे परवडत नाही.

येत्या दसऱ्याला ज्यांच्या घरी दुनळीला फुले वाहिली जातील, त्यांनी त्याच दिवशी परवान्याचा कागदही बाहेर काढावा, मुलांना जवळ बसवावे, सुनांना आणि लेकींनाही बसवावे, आणि विचारावे : माझ्यानंतर हिचे काय करायचे? उत्तर काहीही येवो. ते आजोबांच्या समोर आलेले असले, म्हणजे झाले.